पहिली लिपी, दुसरी लिपी आणि कस्तुराताई

कस्तुराताईंच्या तोंडी लागायचं नाही, हे आमच्या ताथवड्याच्या ऑफिसात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं. कळलं नाही तर त्या स्वतः कळवतात.

मी चार वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. माझं नाव स्वरूपा, गाव लातूरकडचं, काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम मोडतो का ते बघायचं. गेल्या वर्षीच्या त्या प्रकरणानंतर ताईंबद्दल दोन गोष्टी पसरल्या. एक म्हणजे कस्तुरा कडने स्वतःच्याच कंपनीचं नाक कापलं. दुसरी म्हणजे कस्तुरा कड साक्षात देवी आहे. दोन्ही ऐकल्या की माझं डोकं फिरतं. मी तिथे होते. सगळा वेळ काही मी शूर नव्हते, तेही पुढे सांगणारच आहे, पण काय घडलं ते मला नीट माहीत आहे.

ताईंचं माहेर चाकणजवळ कडाचीवाडीचं, सासर मोशीचं. लग्नानंतर त्यांनी आडनाव बदललं नाही. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "डिप्लोम्याच्या कागदावर हे हाय. आता तेच ऱ्हाऊ द्या." एरवी ऑफिसात त्या शुद्ध बोलतात, पण राग आला की जीभ थेट गावाकडे जाते. त्यामुळे त्यांच्या तोंडून 'हाय' आणि 'न्हाई' आलं की आम्ही खुर्च्या सरळ करून बसतो.

त्या शाळेत होत्या तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी पाचवीपासून यायचं. आधी पहिली लिपी, म्हणजे मोठी अक्षरं. ती गिरवून हात बसला की दुसरी लिपी, म्हणजे लहान. दुसऱ्या लिपीच्या वेळी ताईंना कावीळ झाली आणि त्या दोन महिने घरी राहिल्या. परत आल्या तोवर गुरुजी पुढे गेलेले. मग सातवीपर्यंत ताईंनी सगळं इंग्रजी पहिल्या लिपीतच लिहिलं आणि पुढे दुसरी शिकूनही हाताला सवय पहिलीचीच राहिली. पॉलिटेक्निकला त्यांनी एकदा रजेचा अर्ज लिहिला, तर सरांनी तो वर्गापुढे उंच धरून विचारलं, "हा अर्ज आहे की दुकानाची पाटी?" सगळा वर्ग हसला. ताई उभ्या राहून म्हणाल्या, "पाटी समजा सर, पण वाचता आली ना?" रजा मिळाली नाही. ही गोष्ट त्या अजूनही सांगतात आणि सांगताना अजूनही चिडतात.

डिप्लोम्यानंतर त्या चाकणच्या एका कारखान्यात स्टोअरला लागल्या. तिथला बारकोडचा प्रोग्रॅम दर दोन दिवसांनी अडायचा आणि दुरुस्त करणारा माणूस आठवड्याने यायचा. ताईंनी त्याची वाट बघणं सोडलं आणि त्या स्वतःच कोड वाचायला शिकल्या. पुढे रविराजसरांनी दोन खोल्यांत आमची कंपनी काढली, तेव्हा पहिली नेमणूक ताईंची. आम्ही लहान कारखान्यांना माल पाठवण्याचे प्रोग्रॅम देतो. चलान बनवा, ट्रक भरा, मोठ्या कंपनीच्या गेटला कळवा, असलं काम. त्या सगळ्या प्रोग्रॅमांच्या बुडाशी ताईंची लायब्ररी आहे. पुस्तकांची लायब्ररी नव्हे. एकदा लिहून ठेवलेला कोड, जो बाकीचे सगळे प्रोग्रॅम वापरतात.

आता थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण घाबरू नका, पाकीट आणि पत्ता कळत असेल तर हेही कळेल. एक कंप्युटर दुसऱ्याकडे इंटरनेटवरून काही मागतो किंवा पाठवतो, तेव्हा मजकुराच्या आधी काही ओळी जातात. पाठवणारा कोण, आत कसला मजकूर आहे, परवाना काय. प्रत्येक ओळीत आधी एक नाव आणि त्यापुढे माहिती. या ओळींना हेडर म्हणतात. आमच्या कामातली एक ओळ होती 'चलान-नंबर'. नाव 'चलान-नंबर' आणि पुढे खरा नंबर, ज्यात आकड्यांसोबत इंग्रजी अक्षरंही असतात. नाव आमच्या प्रोग्रॅममधून लायब्ररी पाठवते, नंबर माणूस टाकतो. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे शिकलेल्या लोकांना हेच लक्षात ठेवता आलं नाही.

हेडरच्या नावाबद्दल जगभराचा एक नियम आहे. नाव मोठ्या अक्षरांत लिहा, लहान लिहा, मिसळून लिहा, ते एकच नाव धरायचं. आणि गंमत अशी की हा फरक मला मराठीत लिहून दाखवताच येत नाही. मी दोनदा लिहिते: चलान-नंबर, चलान-नंबर. दिसला फरक? मोठा च आणि लहान च आपल्याकडे नाहीच. इंग्रजीत मात्र आमच्याच ऑफिसातले चार जण प्रोग्रॅम लिहिताना एकच नाव चार तऱ्हांनी लिहायचे. लायब्ररी त्यांना चार वेगळी नावं समजायची, आणि कधी कधी एकच ओळ दोनदा जायची. समोरचा कंप्युटर गोंधळायचा. याची तक्रार आली तेव्हा ताई म्हणाल्या, "मला आई कस्ते म्हणायची, चुलते कस्तुरे म्हणायचे, सासूबाई कस्तुराबाई म्हणतात. म्हणून काय जेवायला तीन ताटं वाढायची?" आणि त्यांनी लायब्ररीत बदल केला. कुणी नाव कसंही लिहो, आत घेताना ते सगळं लहान अक्षरांत करून ठेवायचं. बाहेर जातानाही तेच रूप जायचं.

नियमाप्रमाणे हे बरोबर होतं. मी टेस्ट केलं. आमच्या सर्व्हरवर चाललं, दुसऱ्या दोन सर्व्हरवर चाललं. मी पास लिहिलं.

सोमवारी सकाळी चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या गेटवरून ट्रक परत फिरायला लागले. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. माल होता उद्धवरावांच्या वर्कशॉपचा. उद्धवराव आमचे जुने ग्राहक, खराबवाडीला त्यांचं प्रेसशॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवायचा कारखाना, तीसेक माणसं. तिकडून ट्रक निघताना डिस्पॅचवरची, म्हणजे माल रवाना करायच्या टेबलावरची बाई टॅबलेटवर चलान नंबर टाकते आणि तो मोठ्या कंपनीला पोचतो. त्या दिवशी गेटचा कंप्युटर सांगत होता, चलान नंबर मिळालाच नाही. अकरापर्यंत तीन ट्रक परत. तिकडची लाइन थांबायची वेळ आली.

ताईंना कारण शोधायला एक तासही लागला नाही. नंबर गेला होता आणि पोचलाही होता. पण मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर कुणीतरी पूर्वी नियम न बघता लिहून ठेवलं होतं की नाव मोठ्या अक्षरांतच हवं. लहान अक्षरांतलं नाव समोर आलं की तो ओळखच देत नव्हता. चूक त्यांची. पण इतकी वर्षं उद्धवरावांच्या प्रोग्रॅममधून नाव मोठ्या अक्षरांतच जायचं, म्हणून ती झाकलेली होती आणि ती उघडी पडली आमच्या बदलामुळे. ताईंनी दुपारच्या जेवणाआधी दुरुस्ती केली. ओळखायचं असेल तेव्हा सगळी रूपं एक धरायची, पण बाहेर पाठवताना ज्याने जसं लिहिलं तसंच पाठवायचं. दोन वाजता ट्रक आत जायला लागले. आम्ही चहा प्यायलो. मला वाटलं, संपलं.

गुरुवारी शीट आलं.

चाकण पट्ट्यात ज्याने काम केलंय त्याला 'व्हाय-व्हाय' सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कारखान्यात काही बिघडलं की एक तक्ता भरतात. का झालं? त्याचं कारण लिहायचं. ते का झालं? त्याचंही लिहायचं. असं पाच वेळा विचारायचं म्हणजे मूळ कारण सापडतं. पद्धत चांगली आहे. पण मी इतकी शीटं पाहिली आहेत, की पाचव्या 'का'ला उत्तर बहुधा एकच असतं, ऑपरेटर. ऑपरेटरचं लक्ष नव्हतं, ऑपरेटरला ट्रेनिंग नव्हतं. ऑपरेटर शीट भरायच्या खोलीत नसतो ना, म्हणून.

हे शीट असं होतं. ट्रक का परत आले? चलान नंबर सिस्टिमला मिळाला नाही. का मिळाला नाही? केस मिसमॅच, म्हणजे अक्षरं लहानमोठी जुळली नाहीत. का जुळली नाहीत? कारण ऑपरेटर सगळं मोठ्या अक्षरांत टाइप करते. का? तिला लहान अक्षरं येत नाहीत. का? पुरेसं शिक्षण आणि ट्रेनिंग नाही. उपाय: ऑपरेटर शालन हिला डिस्पॅचवरून काढण्यात आले आहे. खाली तिघांच्या सह्यांची जागा. मोठी कंपनी, उद्धवराव आणि सॉफ्टवेअरवाले, म्हणजे आम्ही. पहिल्या दोन सह्या झालेल्या होत्या.

ताईंनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मान लाल झाली.

"सर, हे खोटं हाय," त्या म्हणाल्या.

रविराजसर वाईट माणूस नाहीत. कुणाच्या घरी आजारपण असलं तर पहिला फोन त्यांचा येतो. पण मोठ्या ग्राहकाचं नाव काढलं की त्यांचा आवाज बारीक होतो. ते म्हणाले, "ताई, मलाही माहीत आहे. पण बघा, ट्रक चालू झालेत, आपल्याकडे बोट आलेलं नाही. सही करा, शीट बंद होईल. उघडं राहिलं की त्यांच्या बोर्डावर ते लाल दिसतं. आणि खरं कारण लिहिलं तर पुढच्या प्लँटचं काम आपल्याला देतील का?"

"आणि ती बाई?"

"तिला उद्धवराव दुसरीकडे लावतील."

"लावलं का?"

सरांनी पेन ताईंपुढे सरकवलं. मी माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. आतून मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. टेस्ट पास मी केली होती, आणि शीटवर माझं नाव कुठे नव्हतं. याची मला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

ताईंनी शीट घडी करून पर्समध्ये टाकलं आणि मला म्हणाल्या, "चल गं, गाडी काढ."

खराबवाडीला उद्धवरावांनी आमच्यासाठी चहा मागवला आणि मग डोळे चुकवायला लागले. म्हणाले, "मॅडम, माझा सगळा माल तिकडंच जातो. त्यांनी शीट धाडलं, मी सही केली. मला त्यातलं लहान-मोठं काय कळतंय?"

"दाजी, तुमी प्रेस चालवता," ताई म्हणाल्या. उद्धवरावांची बायको कडाचीवाडीचीच, त्यामुळे ते ताईंचे दाजी लागायचे, पण इतक्या वर्षांत ताईंनी हे नातं कामात कधी आणलं नव्हतं. "डाय चुकीची बसली आन् पत्रा वाकडा आला, तर पत्रा उचलून देणाऱ्या बाईला काढता का?"

उद्धवरावांची नजर भिंतीकडे गेली. नोटीस बोर्डावर तेच शीट टाचलेलं होतं. इंग्रजीतल्या त्या ढिगात 'शालन' एवढा शब्द कुणीतरी पिवळ्या पेनाने रंगवला होता.

शालनबाईंची खोली मागच्याच चाळीत होती. चाळिशीच्या आसपासची बाई, बीडकडची, नवरा दुसऱ्या कंपनीत कंत्राटावर. दारात बसून लसूण सोलत होत्या. आम्ही कोण ते कळल्यावर उठल्याच नाहीत.

"अजून काय राहिलंय?" त्या म्हणाल्या. "मला म्हणले, ट्रेनिंगचा कागद हाय, सही कर. केली. दुसऱ्या दिवशी म्हणले, तू येऊ नको. आता चाळीतली लोकं म्हणायलेत, हिला लिहिता येत नाही म्हणून ट्रक वापस आले. मी आठ वरसं डिस्पॅच केलंय. एक नंबर चुकला नाही माझा."

"तुम्ही मोठ्या अक्षरांतच टाकता?" मी विचारलं.

"टाकते की. चलानवर मोठ्यातच छापलंय, तर मी बारकं कशाला टाकू? बारकं बी आन् बारकं डी मला एकसारखं दिसतंय, मोठ्यात चुकायची भीतीच नाही." मग माझ्याकडे बघून, "मी नववी शिकल्ये. येडी नाही."

कस्तुराताई तिथे पायरीवर बसल्या आणि त्यांनी शालनबाईंना सगळं सांगितलं. पाकिटावरच्या ओळींचं, नावाचं, नंबराचं. कुठेही स्वतःला वाचवलं नाही. "बदल मी केलता," त्या म्हणाल्या. "त्यांचा सर्व्हर चुकीचा व्हता, पण त्यांना न विचारता बदल मी केलता. तुमी जे टाकलं ते अगदी बरोबर व्हतं, अक्षरन् अक्षर. बारक्यात टाकलं असतं तर चुकलं असतं."

शालनबाईंनी हातातला लसूण सोलून ताटात टाकला. मग विचारलं, "हे तुमी मला सांगायलाव. त्यांना सांगणार का?"

"व्हय."

"मग सांगा. मी पाया पडायला येणार नाही कुणाच्या."

शनिवारी मोठ्या कंपनीत मीटिंग लागली, कारण शीट लाल झालं होतं आणि ताईंची सही येत नव्हती. काचेची खोली, पाण्याच्या छोट्या बाटल्या. त्यांचे क्वालिटीचे साहेब, चांगले मराठी बोलणारे, रविराजसर, उद्धवराव, ताई आणि मी. साहेबांनी शीट पडद्यावर लावलं आणि म्हणाले, "मॅडम, साधी गोष्ट आहे. ऑपरेटरला स्मॉल लेटर येत नाहीत. तुमच्या सॉफ्टवेअरला आम्ही काही म्हणतच नाही."

ताई उठल्या आणि पांढऱ्या फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, 'शालनबाई'.

"साहेब, यातलं मोठं अक्षर कुठलं आणि लहान कुठलं?"

साहेब हसले. "मराठीत कुठे असतं तसं?"

"नसतं. बाईंना आपण विचारतोय ते त्यांच्या भाषेत नाही, आणि तरी त्यांनी ते बरोबर केलं." त्यांनी पर्समधून सोमवारच्या एका चलानाची प्रत काढली. "हा नंबर. मोठ्या अक्षरांत छापलेला. तुमच्याच कंपनीने दिलेला. आणि ही तुमच्या सर्व्हरची सोमवारची नोंद, तुमच्याच माणसाकडून मागवून घेतली. नंबर पोचलाय. तसाच्या तसा. आता सांगा, तिसऱ्या 'का'ला बाईंचं नाव कसं आलं?"

साहेब नोंद बघत राहिले. ताई थांबल्या नाहीत. "केस मिसमॅच झालं, बरोबर. पण ते नंबराचं न्हाई, नावाचं. आन् नाव बाई टाकत न्हाईत. नाव माझी लायब्ररी टाकते. त्यांच्या टॅबलेटवर ते दिसतसुद्धा न्हाई. तुमी केस हा शब्द ऐकला, आन् ज्या बाईला दोन लिप्यांपैकी एक आवडते तिच्या गळ्यात घातला." आवाज वाढला होता. रविराजसर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते आणि लावत होते.

"म्हणजे दोष तुमच्या लायब्ररीचा," साहेब म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"अर्धा माझा. कळवल्याबिगर बदल केला, हा माझा. लिहा, कस्तुरा कड. अर्धा तुमच्या सर्व्हरचा. तो नियमाप्रमाणं नावं वाचत न्हाई. तेबी लिहा."

"नियम पुस्तकात असतात मॅडम. आमची सिस्टिम पाच वर्षं व्यवस्थित चालली आहे."

"शालनबाई आठ वर्षं चालल्यात."

साहेबांनी रविराजसरांकडे पाहिलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला स्पष्ट कळला. तुमच्या बाईला आवरा. सर काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. ते काय बोलले असते ते मला माहीत नाही, कारण त्याआधी मी बोलले. वाक्यही धड आलं नाही. "टेस्ट मी पास केली होती. तुमच्या सर्व्हरवर करून बघायला पाहिजे होती, बघितली नाही. माझंही नाव लिहा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. शाबासकीने वगैरे नाही. उशीर केलास, असं पाहिलं.

मग रविराजसरांनी ते झाकण टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, नावं नको. कंपनीचं लिहा. आमच्या बदलामुळे झालं, आम्ही कळवलं नाही. पण ऑपरेटरचं काढा. ते राहिलं तर माझ्याकडून सही येणार नाही." सरांचा आवाज बारीकच होता, पण मला तो तेव्हा फार आवडला.

शीट तिथे बदललं नाही. साहेब म्हणाले, वर विचारावं लागेल. मंगळवारी नवीन आलं. तिसऱ्या 'का'समोर लिहिलं होतं, हेडरच्या नावात बदल, आगाऊ सूचना नाही. चौथ्यासमोर, स्वीकारणाऱ्या सिस्टिममध्ये नावाची तुलना नियमानुसार नाही. एवढ्या शब्दांसाठी त्यांनी तीन दिवस घेतले. ताईंनी सही केली. पुढच्या प्लँटचं काम आम्हाला मिळालं नाही, हेही सांगायला हवं. रविराजसर आठवडाभर ताईंशी कामापुरतंच बोलत होते. ताईंना त्याचं वाईट वाटलं. मला म्हणाल्या, "माणूस भला आहे गं, माझ्यामुळे काम गेलं त्याचं." पण पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

शालनबाईंना उद्धवरावांनी निरोप पाठवला, कामावर या. त्या गेल्या नाहीत. उलट निरोप आला, माझ्या चुकीचा कागद बोर्डावर लावला, तसा चूक नसल्याचा लावा, मग येते. उद्धवरावांनी नवीन शीट टाचलं. तरी आल्या नाहीत. म्हणाल्या, ते इंग्रजी मला काय ठाव, ट्रेनिंगचा कागद असंल. मराठीत लावा. उद्धवराव वैतागून ताईंना फोनवर म्हणाले, "मॅडम, आता ही बाई मला शाळेत घालणार का?" ताई म्हणाल्या, "मराठीत लिहायला तुम्हाला कुणी अडवलंय का दाजी?"

शुक्रवारी तीनच्या सुमारास, पहिली शिफ्ट सुटताना आणि दुसरी येताना, उद्धवरावांनी आम्हालाही बोलावलं. बोर्डावर हाताने लिहिलेला कागद होता. अक्षर उद्धवरावांचं, नीट, वळणदार. शालनबाई साडीचा पदर खोचून आल्या आणि बोर्डासमोर उभ्या राहिल्या. दोन्ही शिफ्टच्या बाया आणि काही माणसं मागे थांबली. प्रेस बंद होते.

शालनबाईंनी मोठ्याने वाचलं. "मागील आठवड्यात ट्रक परत आले, त्यात संबंधित ऑपरेटरची कोणतीही चूक नव्हती, असे तपासात आढळून आले आहे. संबंधित ऑपरेटरला कामावर परत घेण्यात येत आहे."

वाचून झालं, पण त्या हलल्या नाहीत.

"संबंधित म्हंजे कोण?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे तुम्हीच की," उद्धवराव म्हणाले.

"मग तसं कुठं लिहिलंय? चूक काढली तवा नाव लिवलं होतं. पिवळ्या पेनानं रंगवलं होतं. आता चूक नाही म्हणताव, तर मी संबंधित झाले?"

मागे कुणीतरी हसलं. शालनबाईंनी वळून पाहिलं आणि ते हसणं थांबलं. कस्तुराताई माझ्या शेजारी उभ्या होत्या, हाताची घडी घालून. मला वाटलं, आता त्या बोलतील. पण त्यांनी खिशाला लावलेलं पेन काढलं आणि उद्धवरावांच्या हातात दिलं.

उद्धवरावांनी कागद तसाच बोर्डावर ठेवून 'संबंधित ऑपरेटरची' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'शालनची'.

"बाई लिहा," शालनबाई म्हणाल्या. "मी तुमाला राव म्हणते."

उद्धवरावांनी 'शालन'च्या पुढे जागा करून 'बाई' लिहिलं. खालच्या ओळीतही लिहिलं. शालनबाईंनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, आधीपेक्षा मोठ्याने, मागच्या रांगेला ऐकू जाईल असा, आणि स्वतःच्या नावाशी आल्यावर थांबून त्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता ही मी."